तक्रार पुढे नेणाऱ्यांचा सत्कार

आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका वर्षी प्राचार्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मानपत्र मोठ्यानं वाचलं गेलं. त्यात एक वाक्य होतं, "सलग पाच वर्षं रॅगिंगची किंवा छळाची एकही तक्रार नसलेला परिसर." टाळ्या झाल्या. मी लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीची सदस्य म्हणून तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी होती. वहीचं फाडलेलं पान, पुन्हापुन्हा घडी घालून मऊ पडलेलं. सव्वा पान मजकूर, खाली सही नाही.

बऱ्हाणपूरहून इंदूरला शिकायला आलेल्या एका मुलीनं ती चिठ्ठी मला गणपतीच्या दिवसांत दिली होती. प्रयोगशाळेतल्या एका माणसाबद्दल होती. मी तिला म्हटलं, "सही कर, पुढचं मी बघते." ती म्हणाली, "मॅडम, प्रॅक्टिकलचे मार्क तेच देतात." विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१५ च्या नियमांत यावर उपाय आहे. चौकशी चालू असताना, जिच्यावर अन्याय झाला तिची परीक्षा किंवा गुण त्या माणसाच्या हातात ठेवू नयेत, अशी शिफारस समिती करू शकते. मी तो नियम तिला वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण लॅबची किल्ली त्यांच्याकडेच राहणार ना?"

मी वरिष्ठांशी बोलले. "आधी लेखी येऊ दे, सहीनिशी," असं उत्तर आलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. डिसेंबरात तिचा भाऊ येऊन टीसी घेऊन गेला. तक्रार नोंदली गेली नव्हती, त्यामुळे मानपत्रातलं ते वाक्य कागदोपत्री खरंच होतं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उठून बोललेही नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता निवृत्त होऊन मी इंदूरच्याच रामबाग भागात राहते. कॉलेजचे कॅम्पस सुरक्षित करणाऱ्या माणसांचा आणि संस्थांचा जाहीर सन्मान व्हावा, ही कल्पना ऐकली की मला ते स्नेहसंमेलन आठवतं. कल्पना मला मनापासून पटते. सन्मानानं माणसं उभारी धरतात, संस्था चढाओढीनं चांगलं काम करतात, हे मी पाहिलं आहे. पण सन्मान चुकीच्या गोष्टीचा झाला तर तो मुलांच्या मुळावर येतो. 'शून्य तक्रारी' म्हणून ज्या कॉलेजला शाल मिळाली, तिथे पुढच्या वर्षी एखादी मुलगी तक्रार घेऊन आली तर तिच्याकडे कोणत्या नजरेनं पाहिलं जाईल? पाच वर्षांचं नाव घालवायला आलेली मुलगी म्हणून. कारकुनापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तिला समजावायला लागतील. म्हणून सत्कार करायचाच असेल तर तक्रार पुढे नेणाऱ्यांचा करा, असं माझं मत आहे. आणि काम नीट झालं की नाही, हे ठरवायला मी एकच गोष्ट विचारीन: तक्रार करणारं मूल त्याच कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलं का?

ही कसोटी लावून आपल्याच शहरातली एक घटना पाहा. २०२२ मध्ये एम. वाय. हॉस्पिटलशेजारच्या एमजीएम मेडिकल कॉलेजातल्या रॅगिंगची गोष्ट देशभर गाजली. कुणा ज्युनियर विद्यार्थ्यानं यूजीसीच्या हेल्पलाइनवर नाव न सांगता तक्रार केली. प्रकरण संयोगितागंज पोलिस ठाण्यात गेलं आणि अनोळखी सीनियर विद्यार्थ्यांवर गुन्हा नोंदला गेला. पोलिस चौकशीला गेले तर बोलायला कुणी तयार नाही. कुणी काही पाहिलेलं नाही, कुणाला काही झालेलं नाही. मग त्या ठाण्यातली २४ वर्षांची शिपाई शालिनी चौहान विद्यार्थिनीसारखी तयार होऊन, खांद्याला बॅग लावून कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसू लागली. जवळजवळ तीन महिने हे चाललं. ती मुलांशी गप्पा मारायची, त्यांचं ऐकायची. हळूहळू कोण कुणाला काय करायला लावतं, हे उलगडत गेलं. ११ सीनियर ओळखले गेले आणि कॉलेजनं त्यांना तीन महिन्यांसाठी निलंबित केलं.

शालिनीचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. तिनं वापरलेलं मुख्य हत्यार होतं ऐकून घेणं, आणि ते कुठल्याही कॉलेजात कुठल्याही माणसाला वापरता येतं. पण ती बातमी वाचताना माझ्या मनात दुसराही विचार आला. एवढ्या मोठ्या कॉलेजात प्राध्यापक होते, वॉर्डन होते, रॅगिंगविरोधी समिती होती, भिंतींवर हेल्पलाइनचे नंबर होते. तरी त्या मुलांना मन मोकळं करायला एक अनोळखी मुलगी लागली, कारण तिच्या हातात त्यांचे मार्क नव्हते आणि तिचा कुणा सीनियरशी संबंध नव्हता. पोलिसांना वेषांतर करावं लागलं, ही पोलिसांची शाबासकी आहे. कॉलेज चालवणाऱ्या आम्हा सगळ्यांसाठी मात्र तो प्रश्न आहे.

आणि ज्यानं किंवा जिनं तो पहिला फोन केला, त्याचं काय? नाव उघड झालं तर त्या मुलाचं उरलेलं शिक्षण अवघड होणार. त्याला स्टेजवर बोलावता येणार नाही, त्याचा फोटो छापता येणार नाही. अशा माणसाचा सन्मान करायचा एकच मार्ग मला दिसतो. फोन उचलला जावा, गुन्हा नोंदला जावा, त्याचं नाव बाहेर फुटू नये आणि वर्षाच्या शेवटी तो बाकीच्यांसारखाच पुढच्या वर्गात बसलेला असावा. ज्या संस्थेत हे घडतं, तिला पुरस्कार द्या. तो पुरस्कार त्या न दिसणाऱ्या मुलाचाच असेल.

तो हेल्पलाइनचा नंबर, १८००-१८०-५५२२, आपण प्रवेशाच्या वेळी कोपऱ्यात छापलेला पाहतो आणि पान उलटतो. त्या नंबरामागे एक मुलगा आहे. ८ मार्च २००९ रोजी हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सीनियरांच्या मारहाणीत मरण पावला. सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या, सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या समितीचा अहवाल २००७ मध्येच आलेला होता. रॅगिंग कशी थांबवायची, हे सांगणारा कागद आधीपासून तयार होता, पण तो प्रत्येक कॉलेजच्या दारापर्यंत पोचायला एक मूल गेलं. त्याच वर्षी यूजीसीचे कडक नियम आले आणि हेल्पलाइन सुरू झाली. अमनचे वडील राजेंद्र काचरू यांनी नंतरची वर्षं ह्याच कामाला वाहिली.

हैदराबाद विद्यापीठात शिकणाऱ्या रोहित वेमुलानं २०१६ मध्ये आत्महत्या केली. आपल्या जळगावच्या डॉ. पायल तडवीनं २०१९ मध्ये मुंबईत शिकत असताना तेच केलं. त्याच वर्षी दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, एकत्र सुप्रीम कोर्टात गेल्या. कॉलेजांत जातीवरून होणारा छळ थांबवण्याचे नियम नुसते कागदावर राहू नयेत, एवढं त्यांचं मागणं होतं. जळगाव इंदूरहून एका दिवसात जाऊन परत येण्याइतकं जवळ आहे. पायलच्या आईचा फोटो पेपरात पाहिला तेव्हा मला वाटलं, ह्या बाईला आता स्वतःसाठी काहीच मिळवायचं उरलेलं नाही. ती दुसऱ्यांच्या मुलींसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढते आहे.

अमेरिकेतही कहाणी अशीच आहे. ५ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी ह्या १९ वर्षांच्या मुलीवर तिच्या वसतिगृहाच्या खोलीत अत्याचार झाला आणि तिचा खून झाला. खुनी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. वसतिगृहाचे दरवाजे आपोआप बंद होणारे होते, पण ये-जा सोपी व्हावी म्हणून मुलांनी त्यांत पिझ्झाचे खोके अडकवून ठेवले होते. जीनच्या आईवडिलांना, कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी यांना, नंतर कळलं की त्या परिसरात आधीच्या काळात बरेच गंभीर गुन्हे झाले होते आणि मुलीला तिथे पाठवताना त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. विद्यापीठाशी झालेल्या तडजोडीत जे पैसे मिळाले, त्यातून त्यांनी कॅम्पस सुरक्षेसाठी संस्था काढली. १९९० मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून कायदा झाला आणि १९९८ मध्ये त्याला जीनचं नाव मिळालं.

त्या कायद्याचा गाभा साधा आहे. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठानं आपल्या परिसरात झालेल्या गुन्ह्यांचे आकडे दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करायचे. धोका असेल तर विद्यार्थ्यांना वेळेवर सावध करायचं. गुन्ह्यांची रोजची नोंदवही कुणालाही पाहता आली पाहिजे. आकडे लपवले तर दंड होतो. मार्च २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलर भरावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात कायदा वाढवून रॅगिंगचे आकडे देणंही सक्तीचं केलं गेलं. क्लेरी दांपत्यानं उभी केलेली ती संस्था आज जीनच्या नावानं पुरस्कार देते, विद्यार्थ्यांचं जगणं अधिक सुरक्षित करणाऱ्या माणसांना आणि विद्यापीठांना. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी आकडे उघड करण्याची सक्ती, मग पुरस्कार. उघडेपणा नसेल तर पुरस्कार कशाचा द्यायचा, हेच कळणार नाही.

आपल्याकडे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येते तेव्हाही तक्रार निवारणाची व्यवस्था आहे का, हे विचारलं जातं. फाइल तयार असते. समितीची नावं, बैठकांची तारीख, कार्यशाळेचे फोटो, बॅनरसह. मी स्वतः अशा फाइली लावल्या आहेत. त्या फाइलीत किती तक्रारी आल्या, किती नियमाप्रमाणे ९० दिवसांत निकाली निघाल्या, किती मुलींनी मधेच कॉलेज सोडलं, ह्यातलं काही शोधायला गेलं तर पानं उलटत राहावी लागतात. झाकून ठेवल्यानं घाण जात नाही, हे आमच्या इंदूरला समजावून सांगायची गरज नाही. २०१७ पासून हे शहर स्वच्छ सर्वेक्षणात वर्षामागून वर्ष पहिलं येत राहिलं, ते देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर झाकून ठेवल्यामुळे नाही. तो उकरला गेला, ओला-सुका वेगळा केला गेला, घराघरातला कचरा बाहेर काढून गाडीत टाकला गेला. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, संपल्यावर काही तासांत राजवाड्याच्या रस्त्यावरचा गुलाल उचलणाऱ्या सफाईमित्रांचं नाव इथे अभिमानानं घेतलं जातं. घाण बाहेर काढणाऱ्या माणसाचा मान कसा ठेवायचा, हे ह्या शहरानं स्वतःच्या हातानं शिकून घेतलं आहे. कॉलेजांच्या बाबतीतही तीच रीत लावायची आहे.

आता मी ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे येते.

आमच्या मुलींच्या हॉस्टेलला रात्रपाळीचे एक चौकीदार होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. खंडव्याकडचे, घरी निमाडी बोलणारे, आमच्याशी हिंदीत. पगार ठेकेदाराकडून, ड्युटी बारा तासांची. त्यांच्या टेबलावर कॉलेजचं येण्या-जाण्याचं रजिस्टर असायचंच, पण खणात त्यांची स्वतःची एक शंभर पानी वही होती. ती त्यांना कुणी ठेवायला सांगितली नव्हती. रोज रात्री ते तीत दोन-चार ओळी लिहीत. "पीछे टंकी के पास लाइट बंद." "जाली टूटी है, साहब को बताया." "काली मोटरसाइकिल, दूसरी बार." मागच्या बाजूच्या पाण्याच्या टाकीजवळचा बल्ब गेला की ते अर्ज करायचे, आठवडाभर वाट पाहायचे आणि मग एक दिवस स्वतःच्या खिशातून बल्ब आणून लावायचे. वहीत तेही लिहायचे, किंमतीसह.

एका वर्षी आमच्या समितीपुढे एक प्रकरण आलं. मुलीनं सहीनिशी तक्रार दिली होती. समोरच्याचं म्हणणं असं की ती त्या वेळी तिथे नव्हतीच, ती आधीच हॉस्टेलवर परतली होती. रजिस्टरमध्ये तिच्या परतण्याच्या वेळेवर खाडाखोड होती, कुणी केली ते कळेना. दोन बैठका नुसत्या वेळेच्या वादात गेल्या. तेव्हा काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मैडम, मेरी कॉपी देख लो." त्या तारखेखाली एकच ओळ होती. "एक बच्ची रोते हुए आई. वार्डन मैडम को फोन किया. १०.४०." मुलीचं नाव नाही. मी विचारलं, नाव का लिहिलं नाही? ते म्हणाले, वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, मुलीचं नाव कशाला लिहायचं. वॉर्डनच्या फोनवर त्या मिनिटाचा कॉल सापडला. वेळेचा वाद तिथे संपला. अहवाल मुदतीत गेला, कारवाई झाली. ती मुलगी पुढची दोन वर्षं त्याच हॉस्टेलमध्ये राहिली, तिनं पदवी घेतली आणि निरोप समारंभाच्या दिवशी काकांना वाकून नमस्कार केला.

दोन मुली. एकीची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये राहिली, दुसरीची तक्रार शेवटाला गेली. कॉलेज तेच होतं, नियम तेच होते, समितीही बरीचशी तीच. फरक पडला तो एका माणसानं रोज रात्री कंटाळा न करता लिहिलेल्या ओळींमुळे. तो फरक एवढा मोठा असेल, तर सन्मानाचं पान तिथूनच सुरू व्हायला हवं. वॉर्डनच्या, चौकीदाराच्या, लॅब अटेंडंटच्या, मेसमधल्या मावशींच्या पातळीवरून. नियमही हेच सांगतात. समितीत दोन शिक्षकेतर कर्मचारी हवेत, विद्यार्थ्यांची बाब असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी हवेत, बाहेरची एक व्यक्ती हवी. कुलगुरू, रजिस्ट्रार, डीन, विभागप्रमुख असे वरच्या खुर्चीतले लोक समितीत नकोत, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्यांच्यासमोर मूल आधी रडतं, ती माणसं नियम करणाऱ्यांनी ओळखली होती. सत्कार करणाऱ्यांनीही ओळखावीत.

ह्यावर एक आक्षेप मला रास्त वाटतो. शाल देऊन काय होणार, पगार द्या. ठेकेदार बदलला की चौकीदार बदलतो. बारा तासांची रात्रपाळी करणाऱ्याला नारळ देऊन घरी पाठवणं ही क्रूर गोष्ट आहे. मला हे पूर्ण मान्य आहे. म्हणून पुरस्कारासोबत काही ठोस मिळालं पाहिजे. निदान ज्यांना गौरवलं त्यांची नोकरी ठेका बदलला तरी टिकेल आणि ड्युटी आठ तासांची होईल, एवढी हमी कॉलेजनं लेखी द्यावी. संस्थेला पुरस्कार हवा असेल तर तिनं ही हमी आधी दाखवावी.

दुसरी भीती वेगळी आहे आणि मला ती जास्त सतावते. 'सुरक्षित कॅम्पस' म्हटलं की कित्येकांच्या डोळ्यांपुढे संध्याकाळी सातला कुलूप लागलेलं मुलींचं हॉस्टेल येतं. कॅमेरे वाढवले, गेट उंच केलं, मुलींना लवकर आत घेतलं, झाली सुरक्षा. भंवरकुआंजवळच्या कोचिंगच्या वस्तीत अशा पाट्या लावलेली खासगी हॉस्टेलं मी कितीतरी पाहिली आहेत. पालक पाटी वाचून समाधानानं पैसे भरतात. आईबापांचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्यांना मी दोष देत नाही. पण यूजीसीचे २०१५ चे नियम ह्यावर अगदी सरळ बोलतात. मुलींच्या सुरक्षिततेचं कारण देऊन मुलांना नसलेले निर्बंध मुलींवर लादू नयेत, आणि सुरक्षेच्या नावाखाली पाळत वाढवून त्यांच्या हिंडण्या-फिरण्यावर गदा आणू नये. मुलीला कोंडून ठेवणाऱ्या हॉस्टेलला सुरक्षेचा पुरस्कार मिळाला, तर ग्रंथालयात रात्री नऊपर्यंत बसणारी मुलगी शिक्षा भोगेल आणि टाकीजवळचा बल्ब तसाच बंद राहील. माझी बऱ्हाणपूरची विद्यार्थिनी दिवसाढवळ्या, हजेरीच्या तासाला, कुलपाच्या आतच असुरक्षित होती.

शिक्षकांचीही गोष्ट ह्यातच येते. उज्जैनच्या माधव कॉलेजातले प्रा. एच. एस. सभरवाल २६ ऑगस्ट २००६ रोजी विद्यार्थी निवडणुकीच्या वादातून झालेल्या मारहाणीनंतर गेले. खटला नागपूरला हलवला गेला, साक्षीदार फिरले आणि २००९ मध्ये सगळे आरोपी सुटले. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूरबाहेर सिमरोलजवळ एका फार्मसी कॉलेजच्या प्राचार्या विमुक्ता शर्मा यांना माजी विद्यार्थ्यानं कॉलेजच्या आवारातच पेटवलं आणि काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. त्याच्या धमक्यांबद्दल पोलिसांत आधीच तक्रारी दिल्या होत्या, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. ही दोन नावं मी इथल्या कित्येक स्टाफरूममध्ये दबक्या आवाजात घेतली जाताना ऐकली आहेत. सभरवाल सरांच्या वेळी जे कुणी जबाबावर ठाम राहायला तयार होते, त्यांच्या पाठीशी किती कॉलेजं उभी राहिली असती? साक्ष देणाऱ्याचा सन्मान आपण कधी केलेला नाही. घरचे म्हणतात, कशाला पडता त्यात. ते प्रेमानंच म्हणतात. म्हणून बाहेरच्या समाजानं उलटा आवाज लावायला हवा. साक्षीवर टिकून राहिलेल्या शिपायाचा, प्राध्यापकाचा, विद्यार्थ्याचा नावानिशी, त्यांची तयारी असेल तर, जाहीर गौरव व्हायला हवा.

हे सगळं करायचं कुणी? मला सरकारी समितीवर फार भरवसा नाही. पुरस्कार आला की वशिला येतो, यादी वरून उतरते. आपल्या शहरातल्या मराठी संस्था दर वर्षी गुणवंतांचे सत्कार करतात, दहावी-बारावीच्या मुलांना बक्षिसं देतात, ज्येष्ठांना मानपत्रं देतात. त्यांनीच एक पान ह्या कामासाठी उघडावं. नावं कॉलेजकडून मागवू नयेत, माजी विद्यार्थ्यांकडून मागवावीत. ज्या मुला-मुलींची पदवी घेऊन झाली, ज्यांना आता मार्कांची भीती नाही, त्यांना विचारावं, की तुम्ही अडचणीत होतात तेव्हा कोण तुमच्या बाजूनं उभं राहिलं? त्या उत्तरांत प्राध्यापकांची नावं येतील आणि मेसमधल्या मावशींचीही येतील. एखाद्या कॉलेजचं नाव पुन्हापुन्हा येऊ लागलं, तर त्या कॉलेजला बोलवा आणि किती तक्रारी आल्या व त्यांचं काय झालं, ते आकडे स्टेजवर वाचून दाखवायला सांगा. जे वाचतील, त्यांना शाल द्या. आपल्या इंदूरचं विद्यापीठ अहिल्यादेवींच्या नावाचं आहे. महेश्वरला त्या रोज दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकून घेत, असं आपण मुलांना शिकवतो. गाऱ्हाणं आलं म्हणून त्यांच्या राज्याला कमीपणा आला, असं कुठल्याही बखरकारानं लिहिलेलं नाही.

माजी विद्यार्थिनी म्हणून मला विचारता येणार नाही, शिक्षिका म्हणून विचाराल तर मी पहिलं नाव त्या काकांचं देईन. ठेका बदलला तेव्हा ते कॉलेजातून गेले. निरोप वगैरे झाला नाही, एका सोमवारी त्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसलेला होता. गेल्या पावसाळ्यात भंवरकुआंला रिक्षाची वाट पाहताना ते मला अचानक दिसले. एका खासगी हॉस्टेलच्या गेटवर, निळा गणवेश, केस पूर्ण पांढरे झालेले. मला ओळखून उठून उभे राहिले. मी म्हटलं, "काका, बसा हो." टेबलावर मालकाचं रजिस्टर होतं. मी खणाकडे पाहिलं, तसं त्यांनी हसून खण ओढला आणि वही काढून दाखवली. नवी वही, शंभर पानी. आदल्या रात्रीच्या तारखेखाली लिहिलं होतं, "गली के कोने की लाइट बंद. नगर निगम में फोन किया."